घरी बसण्याचं काम

पानेराव वॉशिंग मशीन दुरुस्त करत. पँटच्या खिशात कायम पाना, म्हणून सगळे त्यांना पानेराव म्हणत. पगार नव्हता, दुरुस्त केलेल्या मशीनमागे कमिशन, बस्स. रविवारी मात्र स्टँडबाय. म्हणजे युनिफॉर्म घालून, बूट चढवून घरी बसायचं आणि कंपनीचा फोन आला की पळायचं. नाही आला तर दिवस फुकट.

"घरी पंख्याखाली नुसतं बसण्याचे कसले पैसे?" मॅनेजरसाहेब विचारत. (साहेब स्वतः एसीखाली बसत आणि महिन्याच्या महिन्याला त्याचा पगार घेत. पण साहेबांच्या बसण्याला मीटिंग म्हणतात.)

एका रविवारी बायकोनं ठरवलं, घरचं बंद पडलेलं मशीन आज दुरुस्त करून घ्यायचंच.

"मी ड्यूटीवर आहे," सोफ्यावरून पानेराव म्हणाले.

"ड्यूटीचे पैसे देतात?"

"नाही."

"मग उठा."

"आणि फोन आला म्हणजे?"

बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिनं सरळ कंपनीत तक्रार नोंदवली. थोड्याच वेळात पानेरावांचा फोन वाजला. पिशवी उचलून ते धूम पळाले. जिना उतरल्यावर त्यांनी पत्ता वाचला, मुकाट्यानं वर आले आणि स्वतःच्याच दाराची बेल वाजवली.

"किती उशीर!" बायको म्हणाली.

मशीन उघडलं, तर आत त्यांचाच हरवलेला पाना अडकलेला. (धुवायला टाकलेल्या पँटचे खिसे कोण तपासतो!) मशीन सुरू झालं. पानेराव कमिशनची वाट पाहत बसले.

सोमवारी साहेबांनी ते साफ नाकारलं. "घरातच होतात ना? घरी असताना माणूस कंपनीचा नसतो."

"अस्सं म्हणाले?" बायकोनं ते नीट ऐकून ठेवलं.

पुढच्या रविवारी फोन तिनं उचलला. "ते घरी आहेत, साहेब. आणि घरी असताना माणूस कंपनीचा नसतो."

साहेब चिडले, मग गयावया करू लागले. गिऱ्हाइकाच्या घरात पाणीच पाणी झालं होतं आणि दुसरा मेकॅनिक मिळत नव्हता. शेवटी त्यांनी नाक मुठीत धरून स्टँडबायचे पैसे कबूल केले, आणि बायकोनं ते मेसेजवर लिहून घेतल्याशिवाय नवऱ्याला जिना उतरू दिला नाही.

पैसे हातात पडले, तसे पानेराव छाती फुगवून सोफ्यावर बसले. बायकोनं पाकीट उचलून कपाटात ठेवलं.

"अगं, माझे आहेत ते!"

"तक्रार मी केली, भांडले मी. तुम्ही काय केलंत?"

"मी... इथे बसलो होतो."

"नुसतं बसण्याचे कसले पैसे?" ती म्हणाली.