नोंद क्रमांक एक: गळ

ज्या वस्तूचा उपयोग संपतो, तिचा मान सुरू होतो. जगातली सगळी वस्तुसंग्रहालये याच तत्त्वावर उभी आहेत (आणि निवृत्तीचे सगळे सत्कारही). लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्याला कचेरी मिळाली, कलेक्टर मिळाले, पाट्या मिळाल्या. प्राचीन परंपरा तेवढी मिळायची राहिली होती. ती सहा महिन्यांत उभी करावी, असा आदेश निघाला आणि लिपिक गुरुपादप्पा यांना एक जीप व एक नोंदवही देण्यात आली.

वहीत तीन रकाने होते: वस्तूचे नाव, तिचा उपयोग, आणि सध्या वापरात आहे काय. तिसऱ्यात ‘होय’ आले की वस्तू बाद. पायली, अधोली, चिपटे ही जुनी मापे मानाने घेतली गेली. अडकित्ते चौदा आले. पैकी अकरा अजून सुपारी कातरत असल्याने साभार परत. एक सुरेख चंची आली होती, पण आत ताजी तंबाखू निघाली. गुरुपादप्पांना या शब्दांची मनापासून गोडी होती. एकेक नाव ते दोनदा उच्चारून मगच लिहीत.

शिरूर अनंतपाळजवळच्या एका वाडीत तुळजाबाईंच्या ओसरीवर त्यांना गळ दिसला. लोखंडी कडीला सात वाकडे आकडे. दोराने विहिरीत सोडून फिरवला की बुडालेली घागर अडकून वर येते. अख्ख्या वाडीत हा एकच. दुष्काळात विहीर कोरडी पडली होती, त्यामुळे दोन वर्षांत तो कुणी मागितला नव्हता. गुरुपादप्पांनी तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ लिहिले.

“न्या की सायेब,” तुळजाबाई म्हणाल्या. “पर घरचं एक भांडं ठिवा. ज्यानं गळ न्यायचा त्यानं भांडं ठिवायचं. त्याबिगर गळ वापस येत न्हाई.”

“सरकार गहाण ठेवत नसतं, आज्जी. चित्र काढतो आन् आठ दिवसांत आणून देतो.”

“ठिवत नसल तर वापस बी करत नसल.”

हे बिनतोड होते. जीपमध्ये उद्घाटनासाठी घेतलेली पितळी समई होती. ती त्यांनी ओसरीवर ठेवली.

पुढच्याच आठवड्यात दुष्काळी कामातून सरकारने ती विहीर खोल केली. साठ हातांवर पाणी लागले. पाणी जितके खोल, दोर तितका लांब. दोर जितके जास्त, गुंता तितका मोठा. पंधरवड्यात एकतीस भांडी तळाशी गेली (तांब्याच्या घागरी नऊ, बादल्या बावीस). मग बाया पत्र्याच्या डब्याने पाणी ओढू लागल्या.

गळ एव्हाना सरकारी संग्रहाच्या यादीत चढला होता; तो परत द्यावा म्हणून गुरुपादप्पांनी साहेबांपुढे टिप्पणी ठेवली. शेरा आला: ‘वस्तू वापरात नसल्याचे आपणच लिहिले आहे. सबब भांडी पडत नसावीत.’ नवा गळ विकत घेऊन द्यावा, तर ‘वापरात नसलेल्या वस्तूची खरेदी म्हणजे उधळपट्टी.’ त्यांनी स्वखर्चाने घडवून घ्यावा म्हणून लोहार गाठला, तर तो ऊसतोडीला गेला होता. दिलेला शब्द त्यांना रुतू लागला. जेवताना तांब्याकडे पाहवेना.

शेवटी नियमपुस्तकात वाट सापडली. संग्रहातील वस्तू दुसऱ्या संग्रहालयास उसनी देता येते. संग्रहालय म्हणवून घ्यायला वापरात नसलेल्या पाच वस्तू पुरतात. गुरुपादप्पांनी तातडीने वाडीच्या संग्रहालयाचा प्रस्ताव लिहिला: नळ (उपयोग: सांगू शकणारी व्यक्ती आढळली नाही), पाण्याची टाकी (उपयोग: पोस्टर लावणे), हातपंप (मुले लोंबकळतात), दवाखान्याची इमारत (कडबा), विजेचा खांब (म्हैस बांधणे). एवढा समृद्ध संग्रह जिल्ह्यातही नव्हता.

प्रस्ताव फेटाळला गेला. कागदोपत्री पाचही वस्तू चालू होत्या.

उद्घाटन समईवाचून झाले. मंत्र्यांनी फीत कापली आणि दुष्काळात तेल वाचवल्याबद्दल संयोजकांचे कौतुक केले. गळ काचेच्या पेटीत, दिव्याखाली लागला. गुरुपादप्पांनी पेटीजवळ आपले टेबल मागून घेतले. कशासाठी, हे कुणी विचारले नाही.

दर सोमवारी तुळजाबाई एसटीने येत. घासून लख्ख केलेली समई काखेत असे. “ही घ्या तुमची, आमचा द्या,” एवढेच म्हणत. गुरुपादप्पा त्यांना पाणी देत, आणि एसटीचे तिकीट काढून देत.

अभिप्राय वही मात्र भरभरून वाहत होती. अशाच एका सोमवारी तुम्हीही सहकुटुंब आला होतात, आठवते का? गळाची पाटी तुम्ही मुलांना मोठ्याने वाचून दाखवलीत. ‘किती साधी, हुशार माणसे होती! ती आज असायला हवी होती,’ असे वहीत लिहिलेत. मग पेटीशी उभे राहून फोटो काढलात. त्याआधी, समई घेतलेल्या एका म्हातारीला तुम्ही “आज्जी, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय,” असे म्हणाला होतात.

त्या झाल्या बाजूला. फोटो छान आला आहे.