घटाखालची डबी

हरवणं हा प्रकारच माझ्या स्वभावात नाही! लोकांचे चष्मे हरवतात, छत्र्या हरवतात, लग्नात चपला हरवतात. माझी साधी टाचणीसुद्धा कधी वाट चुकलेली नाही. त्यामुळे साळूबाईंच्या ओव्यांचा पेन ड्राइव्ह कुठं ठेवावा, हे मला शिकवायची कुणाला गरज नव्हती. पण शिकवणारे घरातच निघतात!

मी मिरजगावजवळच्या एका गावात मराठी शिकवतो आणि ओव्या गोळा करतो. आमच्या गल्लीतल्या साळूबाई म्हणजे ओव्यांचं कोठार. म्हातारी जात्यावर बसली की पिठाआधी शब्द झरायचे. मी समोर रेकॉर्डर ठेवून बसायचो; त्याला त्या 'पेटी' म्हणायच्या. रेकॉर्डर भरला, तेव्हा सगळ्या ओव्या पेन ड्राइव्हमध्ये घेतल्या आणि रेकॉर्डर मोकळा केला. आणि यंदाच्या उन्हाळ्यात साळूबाई गेल्या. सुपातला शेवटचा दाणा जात्यात पडावा, तशा. मागे त्यांचा आवाज उरला, तो नखाएवढ्या त्या वस्तूत.

"बाबा, आधी ते क्लाउडवर टाका," पुण्याहून ज्ञानेश्वरी, माझी लेक, फोनवर म्हणाली.

"ज्ञाना, आपल्या दुष्काळी कर्जत तालुक्यात राहून ढगावर भरवसा ठेवू?"

"बाबा, त्याचा पावसाशी काही संबंध नाही!"

"तेच म्हणतोय मी. इथल्या ढगांचाही नसतो!"

फोन आपटला गेला. वाद जिंकला म्हणून मी खूश झालो.

पण पेन ड्राइव्हला खरा धोका ढगांचा नव्हता, ओंकारचा होता. ओंकार म्हणजे माझा मेहुणा. त्याच्याकडे टेम्पो आहे आणि टेम्पोत टेम्पोहून मोठे स्पीकर. दिसला पेन ड्राइव्ह की पळव आणि भर गाणी! मागे मी गोळा केलेल्या हळदीच्या गाण्यांवर त्यानं अख्खा डीजे ओतला होता. वर मलाच म्हणाला, "दाजी, हळदीचीच भरलीत की! फक्त नाचायची!"

त्यात रतनबाईचा फोन आला. रतनबाई साळूबाईंची एकुलती लेक, दिली लांब कोल्हारला.

"गुरुजी, दसऱ्याला येते. आईला एकदा ऐकवा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तिचं तोंड दिसतं ओ डोळ्याम्होरं. पन आवाज आठवंना झालाय. लई भ्या वाटतं."

त्या दिवसापासून मी पेन ड्राइव्हसाठी जागा शोधू लागलो. कपाटात ठेवावा तर कपाट ओंकारला पाठ. पिठाच्या डब्यात ठेवावा तर नवरात्राआधी बायको सगळं घर धुऊन काढते. त्या धुण्यातून आजवर फक्त भिंतीच वाचल्या आहेत.

आणि घटस्थापनेच्या सकाळी मला साक्षात्कार झाला! देवघरात परडी, परडीत काळी माती, मातीत पेरायचं धान, मधोमध घट. नऊ दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही, जागचा हलवायचा नाही. शेजारी अखंड दिवा, म्हणून घर कधी रिकामं नाही. असलं लॉकर कुठल्या बँकेत आहे? मी पेन ड्राइव्ह गोळ्यांच्या घट्ट झाकणाच्या डबीत घातला, डबी मातीत खुपसली, वर गहू पेरले आणि हात जोडले. बायकोला, म्हणजे सत्यशीलाला, सांगितलं नाही. तिला सांगणं म्हणजे तिच्या भावाला सांगणं!

धान वाढू लागलं. पिवळेधमक कोंब रोज वर येत होते आणि माझी झोप रोज खाली जात होती. सत्यशीला घटाला पाणी घालायला लागली की मी ओरडायचो, "बेतानं! बेतानं!"

"अहो, देवीला पाणी घालतेय, तुमच्या डोक्यावर नाही!"

दसऱ्याला शाळेत सरस्वतीपूजन होतं. ते उरकून मी घाईनं घरी आलो, तर सत्यशीला दारातच हसत उभी. "थांबा, टोपी काढू नका," म्हणाली आणि माझ्या टोपीत कोवळ्या धानाचा तुरा खोवला.

मी आरशात बघितलं. छान दिसत होतो. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"हे धान कुठलं?"

"कुठलं म्हणजे? घटातलं! घट उठला की सकाळीच. ओंकारनंच मदत केली."

"आणि माती?"

"दिली विहिरीत सोडून. त्यानंच नेली. आता गेलाय टेम्पो घेऊन, रतनबाईला फाट्यावरून आणायला."

माझ्या पायाखालची जमीन गेली. आणि तीही विहिरीतच गेली असणार! ओंकारला फोन लावला. वाजून वाजून गप्प. पडवीतला बादल्या काढायचा लोखंडी गळ उचलला आणि धावत सुटलो. टोपीत धान, हातात गळ! वाटेत दोघांनी सीमोल्लंघनाला निघालो समजून मला सोनंही दिलं!

विहीर यंदाच्या पावसानं कधी नव्हे ती तुडुंब भरलेली. मी गळ सोडला आणि वर आला तो गाळ. पुन्हा सोडला, वर आली कुणाची तरी घागर. शेजारच्या रानातून छगनतात्या धावत आले.

"गुरुजी, काय पडलं?"

मनात जे होतं तेच तोंडातून निघालं, "साळूबाई!"

तात्या एक पाऊल मागे सरकले. "साळूबाई? आवो, तिला तर आपून खांदा दिला ना!"

"ते शरीर हो तात्या! खऱ्या साळूबाई इथं खाली आहेत. माझ्याच हलगर्जीनं बुडाल्या!"

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग एकदम गावाकडे तोंड करून ठणाणा केला, "पळा रं! गुरुजीला हिरीत साळूबाई दिसायलीया!"

गाव काय, निमित्तालाच टेकलेलं! कुणी दोर आणला, कुणी लिंबू आणलं. मी काठावर वाकलो, तसं तात्यांनी मागून माझ्या कमरेला मिठी मारली. "उडी न्हाई मारायची गुरुजी! सणाचा दिस हाय!"

"अहो, मी शोधतोय!"

"व्हय व्हय, शोधा. पन वरनंच!"

तेवढ्यात सत्यशीला गर्दी फाडत आली. "अहो, घटाला पाणी जास्त घातलं म्हणून कुणी जीव देतं का? या बरं घरी! उद्यापासनं तुम्हीच घाला!"

मी उत्तर देणार, एवढ्यात बांधापलीकडून आवाज आला. जाडाभरडा, दळताना दमलेला, मध्येच खोकणारा. साळूबाईंचा! रानभर घुमणारा! मागे जात्याची घरघर.

मग कुणीतरी किंचाळलं, "आली!" आणि बघता बघता विहिरीवर चिटपाखरू उरलं नाही! सगळ्यांत आधी पळाले छगनतात्या. माझी कंबर सोडून. आणि मी तेव्हा पुरता वाकलेला होतो.

धप्प!

वर आलो तो मोटरीच्या पाइपाला मिठी मारून. भोवती झेंडूची फुलं तरंगत होती, टोपी होडीसारखी निघून चालली होती आणि विहिरीच्या साऱ्या दगडांतून साळूबाई गात होत्या. भिजलो होतो, थरथरत होतो. पण खोटं कशाला बोलू, इतकं गोड त्या कधीच गायल्या नव्हत्या.

टेम्पोचं इंजिन बंद झालं. गाणं चालूच होतं. वरून दोन डोकी डोकावली.

"दाजी!" ओंकार म्हणाला. "पोहताय व्हय? आवो, घटाच्या मातीत डबी घावली. म्हनलं देवीनं गानी धाडली! लावली टेम्पोत, तर ही आपली साळूमावशी! पुसून टाकायचा धीर न्हाई झाला बगा."

दुसरं डोकं रतनबाईचं. फाट्यापासून ती आईला ऐकत आली होती. डोळे सुजलेले, पदर ओला. आणि तरी ती हसत होती.

"घावली का आई?" मी खालून विचारलं.

"घावली गुरुजी. पन आई एक ओळ म्हनती अन् तुमी चार येळा 'वा! वा!' करता. तिला जरा बोलू द्यायचं हुतं की ओ!"

तेवढ्यात स्पीकरमधून साळूबाईंनी नवी ओवी उचलली. मला ती आठवतच नव्हती. तेव्हा मी बहुधा दाद देण्यात गुंग असणार.

*जात्याच्या म्होरं बाई, पेटी मांडली गुरुजीनं*
*माझ्या ओवीचं पीठ सारं, खाल्लं त्याच्या वा-वानं!*

आणि लगेच त्यामागं, खणखणीत, माझाच आवाज: "वा! वा!"

पळालेलं गाव एव्हाना हळूहळू परतलं होतं. काठावर जो हशा पिकला, त्यानं विहिरीचं पाणी हललं. मला दोर सोडायची आठवण लोकांना बऱ्याच वेळानं झाली.

संध्याकाळी मी स्वतःहून ज्ञानेश्वरीला फोन केला. तिनं एक-एक पायरी सांगून सगळ्या ओव्या क्लाउडवर चढवून घेतल्या, रतनबाईच्या मोबाईलवरही उघडून दिल्या. आता रतनबाई कोल्हारला भाकरी थापताना आईला ऐकते. गावातही सगळ्यांनी ओव्या मागून घेतल्या. बाकीच्या कोण ऐकतं ठाऊक नाही. पण ती एक ओवी पारावर, दुधाच्या डेअरीत, शिक्षकांच्या खोलीत रोज वाजते. छगनतात्या तर हल्ली मला रामराम घालतच नाहीत. लांबूनच हात उंचावतात, "वा! वा!"

काल ज्ञाना कौतुकानं म्हणाली, "बाबा, आता काळजी सोडा. क्लाउडवर गेलेली एकही ओवी कधी हरवत नाही!"

तेव्हापासून पुन्हा झोप उडाली आहे!