पूर्ण वाक्यात लागलेली आग

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही वैमानिक आहात, डाव्या इंजिनाला आग लागली आहे आणि तुमच्या मागे एक परीक्षक पेन्सिल घेऊन बसले आहेत. त्यांना आगीशी कर्तव्य नाही. ते तुमचं इंग्रजी तपासत आहेत.

घाबरू नका, आग खोटी आहे. सिम्युलेटर नावाच्या, जागच्या जागी हलणाऱ्या खोट्या विमानात ती दर सोमवारी लावतात. (पेन्सिल खरी असते.) संकटात माणसाची वाचा बसते, हे सर्वमान्य आहे. म्हणून वैमानिकाला संकटातच बोलतं करावं, असा सुज्ञ नियम झाला.

या गोष्टीतल्या कॅप्टननी पहिल्या परीक्षेत घोडचूक केली. "आग. परत येतोय," एवढंच इंग्रजीत सांगून त्यांनी विमान सुखरूप उतरवलं. शेरा पडला : शब्दसंग्रह तोकडा, ओघ नाही, नापास. त्यांच्याच तुकडीतल्या एका तरुणाने ज्वाळांचा रंग, धुराची दिशा आणि स्वतःच्या भावना यांवर सुरेख निवेदन केलं, अगदी जमिनीवर आदळेपर्यंत. त्याला सर्वोच्च श्रेणी मिळाली. (आदळणं हा दुसऱ्या विभागाचा विषय आहे.)

पुन्हा नापास झाले, तर कॅप्टनचं उडणं कायमचं बंद होणार होतं. म्हणून घरी जेवणाच्या टेबलापाशी सराव सुरू झाला. नऊ वर्षांची लेक परीक्षक झाली.

"आग लागली, बाबा. बोल."

कॅप्टन बराच वेळ इंग्रजीत बोलले.

"छान. पण विमान कधी उतरवलंस?"

"अगं, एवढं बोलायचं म्हटल्यावर उतरवायला वेळ कुठे मिळतो?"

"मग आतल्या लोकांचं काय?"

"ते ऐकतात."

फेरपरीक्षेत कॅप्टन अस्खलित बोलत बोलत समुद्रात गेले आणि सर्वोच्च श्रेणीत पास झाले. परीक्षकांनी उभं राहून हात मिळवला.

पुढच्याच आठवड्यात लेक त्यांच्या खऱ्या विमानात बसली होती. शेजारच्या सीटवर, समजा, तुम्ही. ढगांत विमान जोरात हादरलं आणि स्पीकरवर कॅप्टनचा आवाज आला. संथ, नितळ, संपता न संपणारं इंग्रजी. प्रवाशांचा जीव भांड्यात पडला.

"काय बोलतो हो माणूस," तुम्ही म्हणालात आणि पाय सैल सोडलेत.

लेकीने आपला पट्टा करकचून आवळला. मग वाकून तुमचाही.