सहा आण्यांचं पुस्तक

प्लेगात पोरगी गेली, त्याला तीन महिने झाले आणि तय्यब कागद्याच्या घरी शाळेची चिठ्ठी आली : जैबुन्निसाने वाचायला नेलेलं पुस्तक परत करा, नाहीतर सहा आणे भरा.

तय्यब जुन्नरात जन्मभर कागद करत आला होता, पण त्यावरचं वाचता येत नव्हतं. चिठ्ठी आणणाऱ्या शाळेच्या शिपायाने ती वाचून दाखवली, तसा तो तडक शाळेत गेला.

"मास्तर, पिलेगवाल्यांनी घरातलं समदं जाळलं. पुस्तक सरकारनं जाळायचं न् पैसं आमी भरायचं?"

"बरोबर आहे तुमचं, तय्यबभाई," भगवंत मास्तर म्हणाले. "जाळल्याचा दाखला आणा."

प्लेगच्या कचेरीतल्या कारकुनाने जाळलेल्या सामानाची यादी काढली. "दोन गोधड्या, एक चटई, एक उशी. पुस्तक न्हाई. म्हंजे जळालं न्हाई."

मास्तर म्हणाले, "मग घरातच असेल."

"तर तुमीच येऊन शोधा!" तय्यब रागाने बोलून गेला.

मास्तर खरंच आले, शिपायाला घेऊन. उतरंडी उतरल्या. कागदाचे गठ्ठे सुटले. शिपायाने लगद्याच्या हौदात काठीने ढवळलं आणि कोपरापर्यंत पांढरा झाला. शेजारची साळुबाई मदतीला आली आणि कधीतरी उसनी दिलेली आपली पळी घेऊन परत गेली.

फक्त तय्यबची बायको रहिमाबी कणगीपाशी बसली होती, ती हलेना.

"ऊठ की," तय्यब म्हणाला.

तिने मान हलवली. तय्यब जवळ जाऊन वाकला. तिने पदर जरासा बाजूला केला. मांडीवर पुस्तक होतं. उघड्या पानाच्या कडेला शिसपेन्सिलीने एक माणूस काढला होता : लांब दाढी, हौदावर वाकलेला, दोन्ही हातांत कागद गाळायची चौकट. वाचता न येणाऱ्या तय्यबलाही तो माणूस कोण ते कळलं.

"कवापासनं हाय तुझ्यापाशी?"

"ती गेली तवापासनं," रहिमाबी पुटपुटली. "द्यायचं न्हाई मी."

 तय्यबने उठून कमरेचा पैशांचा कसा सोडला.

"मास्तर, पुस्तक हरवलं. पैसं घ्या."

मास्तरांनी पदराकडे पाहिलं आणि नजर वळवली. घसा खाकरून म्हणाले, "जुनंच होतं ते. तीन आणे पुरेत."

"न्हाई!" तय्यब पहिल्या दिवसासारखाच भांडायला उठला. "पुरं सहा घ्या. अर्धं पैसं दिलं तर अर्धं पुस्तक तुमचं ऱ्हाईल."