आक्कासाहेबांवर घातलेल्या वाक्यांची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. वाग्देवीस दंडवत, जी शब्द देते आणि तोंडून गेलेला परत घेऊ देत नाही. शके अठराशे अठ्ठ्याऐंशी, पराभवनाम संवत्सरी, नदीकाठच्या एका वाड्याच्या राज्यात वर्तले ते येणेप्रमाणे.

राज्याचे धनी दाजीसाहेब. त्यांची कन्या शरयूबाई, विलायतेस शिकावयास जाण्याच्या परीक्षेस बसणार. आणि दाजीसाहेबांची थोरली बहीण द्वारकाआक्कासाहेब, बालविधवा, मुदपाकखान्याची सर्व मुखत्यारी त्यांजकडे. शरयूबाईंस मांडीवर वाढविले ते आक्कांनीच. परीक्षेस इंग्रजीचे अवघड शब्द लागतात ऐसे कळले, तेव्हा दाजीसाहेबांनी मोहीम काढिली, आणि कायदा केला, की रोज पंगतीस कोशातला एक शब्द धरून आणावा, त्याचा अर्थ सांगावा, आणि मग घरच्याच माणसावर त्याचे वाक्य करावे, तोवर शरयूबाईंस मागचा भात वाढू नये. म्हणत, शब्द पाठ करून राहत नाही, माणसाच्या अंगावर घातला म्हणजे राहतो. आता दाजीसाहेबांवर घालावे तर बेअदबी, आणि शरयूबाईंच्या मातोश्री मॅट्रिक जाहलेल्या, त्यांस सर्व कळे आणि त्या रागे भरत. राहता राहिल्या आक्का. त्यांस इंग्रजीचे अक्षर ठाऊक नव्हते. मग ‘गॅर्युलस’ आला, म्हणजे अखंड बडबड करणारा, तो आक्कांवर गेला. आणि ‘ऑब्स्टिनेट’ आला, म्हणजे हट्टी, तोही आक्कांवर गेला. अर्थही इंग्रजीतच सांगावयाचा, सबब आक्कांस काही उमजेना. पंगत हसे, आणि आक्काही पदर तोंडास लावून हसत, आणि पुसत, काय गं शरू, काय म्हणालीस माझ्याविषयी? शरयूबाई सांगत, तुझे कौतुक केले. मग आक्का तूप आणखी वाढीत, आणि देवळात बायकांस सांगत, आमची शरू साहेबाच्या भाषेत रोज माझे नाव घेते. शरयूबाईंस हे कानी येई तेव्हा मनी टोचे, परंतु शब्द भराभर हाती येत होते, आणि चालत्या मोहिमेस कोण थांबवितो?

पुढे मार्गशीर्षात कॉलेजातील सोहोनीबाई पाहुण्या आल्या. आक्कांनी हौसेने पुरण घातले, आणि आपणच म्हणाल्या, शरू, बाईंच्या देखत माझे वाक्य कर. त्या दिवशीचा शब्द ‘सुपरफ्लुअस’. शरयूबाई शाबासकीच्या लोभाने बोलून गेल्या, की आमच्या घरी आक्कासाहेब सुपरफ्लुअस आहेत. दाजीसाहेब सवयीने हसले, दुसरे कोणी हसले नाही. आक्कांनी बाईंस विनविले, ही मला रोज कौतुक म्हणूनच सांगते, आज आपण फोड करून सांगा. सोहोनीबाई पानाकडे पाहत राहिल्या, परंतु खोटे बोलणे त्यांस जमेना. हळूच म्हणाल्या, “नसले तरी चालते, ते.”

आक्कांच्या हाती तुपाचे भांडे होते, ते तसेच राहिले. मग म्हणाल्या, “वाक्य शुद्ध आहे ना, बाई?”

बाईंनी मान डोलविली.

“मग झाले. शरू, जेव. भात निवतो आहे.”

दुसरे दिवशी चूल सारवून आक्का सासरगावी पुतण्याकडे निघून गेल्या. दाजीसाहेबांनी बोलावणी पाठविली, तो उत्तर आले, स्वयंपाकास बाई मिळेल. शरयूबाई परीक्षेत अव्वल आल्या, आणि जाण्यापूर्वी आक्कांच्या गावी गेल्या, की क्षमा मागावी आणि त्यांस घरी आणावे. आक्कांनी पाट मांडिला, पाटाभोवती रांगोळी घातली आणि पान वाढले. शरयूबाईंनी इतके शब्द जिंकिलेले, परंतु “आक्का, चुकले माझे” याहून अधिक निघेना. आक्का रागे भरल्या नाहीत. रागे भरत्या तर बरे होते. म्हणाल्या, “अहो शरयूबाई, आपण पाहुण्या. संकोच करू नये. सावकाश जेवा.”

एकूण मोहीम फत्ते जाहली. शब्द बहुत हाती आले, विलायतेतही शरयूबाईंचे इंग्रजी वाखाणिले गेले. आक्कांनी मात्र अखेरपर्यंत त्यांस अहोच म्हटले. वर्तले ते इतकेच.