बाबाराव लवकर घरी आले

नागपुरात, बेसातल्या एका समाजभवनात मयुराने चार जुने कॉम्प्युटर ओळीने मांडले होते. बंद पडलेल्या टायपिंग क्लासचे. सुरू होताना कण्हायचे. तिने काढलेल्या व्हिडिओत त्यांच्या पडद्यांवरून तिचे वडील बाबाराव कुही गावच्या धानाच्या बांधावर चालणार होते. पहिल्या पडद्यातून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, आणि चौथ्यात घरच्या अंगणात बाजेवर टेकणार होते. एवढंच, पण मयुराने त्यात जीव ओतला होता. तिच्या शिक्षिका कामिनी मॅडमना ते आवडलं, तर पुण्याच्या प्रदर्शनात जागा मिळणार होती.

मॅडम दारात आल्या आणि चारही कॉम्प्युटर एकदम सुरू करणारी डबी बंद पडली.

"आता हातानं," मयुराचा भाऊ रजत म्हणाला. "चार जणं, चार बटणं. एक, दोन, साडेमाडे तीन."

पहिल्यावर मयुरा, दुसऱ्यावर रजत, तिसऱ्यावर स्वतः बाबाराव, चौथ्यावर आई इंदुताई. पडद्यावरचे बाबाराव निघाले. खरे बाबाराव त्यांना बघण्यात असे रमले की बटण राहूनच गेलं.

"बाबा, दाबा ना," रजत म्हणाला.

"थांब गा, मी अजून येऊन राहिलो."

तिकडे इंदुताईंनी साडेमाडेलाच बटण दाबलं होतं. रिकामं अंगण त्यांना बघवेना. त्यांनी हाताला येईल ते दाबलं, व्हिडिओ पुढे पळाला आणि बाबाराव बाजेवर येऊन बसलेसुद्धा.

"आई, काहून दाबलं वं?" मयुरा रडकुंडीला आली.

"हे लवकर घरी आलेले पहिल्यांदा पाहून राहिली मी. राहू दे."

दुसऱ्या पडद्याच्या कडेवरून बाबाराव नाहीसे झाले. तिसऱ्यावर धान स्तब्ध उभं होतं. बाबारावांना बटण आठवलं, तसं ते हळूहळू डोलायला लागलं. बऱ्याच वेळाने धानातून बाबाराव चालत आले, आणि बाजेवरचे बाबाराव शांतपणे त्यांची वाट बघत बसले होते. फार सुंदर दिसत होतं ते. मयुराने मात्र डोळे मिटून घेतले होते.

"पुण्याला हेच," कामिनी मॅडम म्हणाल्या. "अगदी असंच."

पुण्यात रजतने पुन्हा घोळ नको म्हणून नवी डबी लावली. चारही कॉम्प्युटर एका ठोक्यात चालले. बाबाराव कुठेही न अडता घरी पोचले.

"बाजेवर वाट बघणारे कुठे गेले?" मॅडमनी विचारलं.

"पुन्हा उशिरा आले," इंदुताई पुटपुटल्या.

मयुराने डबीची वायर काढली. "आई, चौथ्यावर ये वं. मी मोजते."

तिने तोंड उघडलं, तोवर अंगणात बाबाराव येऊन बसले होते.