मनमाडचे चाळीस पोपट

आमच्या तृप्तीच्या लग्नात थर्माकोलचे मोर लावायचे नाहीत, असं मी ठरवलं. एवढंच ठरवलं. पुढचं सगळं आपोआप झालं.

मंडपवाल्यानं अल्बम आणला होता. त्यात मोर होते, हंस होते आणि एक प्राणी असा होता की तो कोण हे मंडपवाल्यालाही सांगता येईना. मी अल्बम मिटला आणि म्हणालो, "हे राहू द्या. वर टांगायचं सगळं मी करतो. कागदाचं. घरच्या घरी."

घरात शांतता पसरली. (आमच्या घरात शांतता पसरली की समजायचं, सगळे एकाच माणसाचा विचार करतायत.)

"अहो, मुलीचं लग्न आहे," मंगला म्हणाली. "तुमच्या गमती नकोत."

तिचंही चूक नव्हतं. आमच्या थोरल्याच्या, मनोजच्या लग्नात मी व्याह्यांच्या पानात लाकडाचा पेढा वाढला होता. (दात हलला होता. पडला नव्हता. पण बोलणारे पडला असंच बोलतात.)

पण ही गंमत नव्हती, हा माझा धंदा होता. शिक्षण म्हणाल तर माझं चौथी. ती चौथीही मास्तरांनी कंटाळून पुढे ढकललेली. पण छापखान्यात बत्तीस वर्षं बाइंडिंग केलं. अक्षरं कमी वाचली, पानं जास्त दुमडली. मोठमोठ्या प्रोफेसरांची पुस्तकं माझ्या हाताखालून गेली आणि एकाचंही पान सुटलं नाही. मजकूर कोणाचा सुटला असेल तर तो ज्याचा त्यानं बघावा.

कागद मला फुकट होता. लग्नपत्रिकेवर गणपती असतो, म्हणून ती रद्दीत टाकवत नाही. पायाखाली येऊ देववत नाही, चुलीत तर घालवतच नाही. मग लोक ती कपाटावर ठेवतात आणि विसरतात. फारच ढीग झाला की गंगेत सोडायला नेतात. (बाहेरच्यांनी तिला गोदावरी म्हणावं, नाशिककराची ती गंगा.) मी पंचवटीतल्या आमच्या गल्लीत घरोघर हिंडलो. "गंगेला कशाला त्रास देता? मला द्या." आठ दिवसांत पाचशे पत्रिका जमल्या. काही पत्रिकांतली जोडपी आजी-आजोबा झाली होती, काहींतली एकमेकांचं तोंड बघत नव्हती. कागद मात्र सगळ्यांचा सारखाच छान.

त्याचे मी पोपट केले. पत्रिकेच्या दोन पानांचे दोन पंख, उरलेल्या पट्टीची चुण्या घातलेली शेपूट, वेगळी कापून चिकटवलेली चोच, छातीवर अख्खा गणपती. गणपतीवर कात्री चालवायची नाही, हा नियम. खळ मैद्याची, तीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळ फिरकत नाही. वर दोरा, मधे मणी, एका माळेत दहा पोपट. पंखा लावला की सगळे गोल फिरायचे. मंगला येताजाता नाक मुरडायची, पण खळीत गुठळी झाली की स्वतःच बोटांनी मोडून जायची.

चष्मा मी लावत नव्हतो. मनोज म्हणायचा, "अण्णा, डोळे जातील." मी म्हणायचो, "बाइंडर हातानं बघतो." हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं.

आता लंकाआक्काचं सांगायला हवं. ही माझी चुलत बहीण, राहायला मनमाडला. रुसण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. एका पत्रिकेत आमच्या धोंडीराम दाजींचं नाव तिसऱ्या ओळीत छापलं गेलं, तेव्हा आक्का पाच वर्षं त्या घरचं पाणी प्यायली नव्हती. आणि पत्रिका हातात पडल्याशिवाय ती शेजारच्या लग्नालाही जात नाही. तारीख पाठ असली तरी नाही. पण तृप्तीनं डी.एड. केलं ते तिच्याकडे दोन वर्षं राहून. पोरीवर आक्काचा भारी जीव. तृप्तीनं साफ सांगून टाकलं होतं, "एका बाजूला मामा आणि एका बाजूला लंकाआत्या, तरच मी बोहल्यावर चढणार."

म्हणून मनोजनं मनमाड-लासलगावकडच्या चाळीस घरांच्या पत्रिकांवर स्वतः नावं घातली, हळदकुंकू लावलं आणि एका पिशवीत भरून मला दिल्या. शेजारचा हिरामण रोज रेल्वेनं मनमाडला कामाला जाई. पिशवी त्याच्या हाती द्यायची, त्यानं आक्काला द्यायची, आक्कानं चाळीस घरं वाटायची. आक्काकडे फोन नव्हता, पण पाय होते.

पिशवी बस्त्याच्या दुकानाची होती, पिवळी. त्या दिवसांत आमच्या घरात सगळ्याच पिशव्या बस्त्याच्या दुकानाच्या होत्या, पिवळ्या. मी हिरामणला पिशवी दिली.

"दिलीस का रे?" मी दोन दिवसांनी विचारलं.

"दिली, अण्णा. आक्कांनी उघडून बघितली. काही बोलल्या नाहीत."

"भरून आलं असेल," मी म्हणालो.

आणि मी उरलेले पोपट करायला बसलो. हा शेवटचा घाणा असा उतरला की काय सांगू. कागद कोरा, कडक, घडीला टणक. हाताला थोडं पिवळं लागत होतं, पण जुना कागद पिवळा पडतोच. मी मनात म्हटलं, पूर्वीचा कागद काय टिकायचा! त्या चार माळा मी बरोबर बोहल्याच्या वर लावायला राखून ठेवल्या.

लग्नाच्या दिवशी, नव्याण्णव सालच्या मे महिन्यात, कार्यालयात शिरणारा माणूस आधी वर बघत होता आणि मग नवरदेवाकडे. मी दारात उभा राहून "या, या" करत होतो आणि पाहुण्यांची हनुवटी वर जाताना बघत होतो. मंडपवाला स्वतः आला, माळ चाचपून बघितली आणि खळ कशाची ते विचारून घेतलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझा असा सत्कार झाला नव्हता.

फक्त मनमाडचं कोणी आलं नव्हतं. तृप्तीनं आतल्या खोलीतून तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं नाही. मंगला येऊन म्हणाली, "ती डोळे पुसतेय."

तेवढ्यात नव्या व्याह्यांनी मला बोहल्याकडे बोलावलं. व्याही चिंतामणराव देवळाली कॅम्पचे, लष्कराच्या कचेरीत हेडक्लार्क. कागद दिसला की वाचायचा, ही त्यांची सवय. ते मान वर करून पोपट वाचत होते.

"रावजीभाऊ, हा म्हणतो, सत्त्याऐंशी साल, स्थळ सिन्नर."

"तीन मुलं झाली त्यांना. शुभ पोपट आहे."

"आणि हा म्हणतो, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं."

"काका आमच्या मागेच राहतो. काकू माहेरी असते. म्हणून तो जरा कडेला लावलाय."

"आणि हा म्हणतो, चिरंजीव तनय." चिंतामणराव थांबले. "तनय आमचाच. तारीख आजची. बारा पस्तीस. रावजीभाऊ, हा पोपट तर आजच्याच लग्नाचा आहे."

मी चष्मा लावला. बाइंडर हातानं बघतो, पण नाव डोळ्यांनीच वाचावं लागतं. एका पंखावर मनोजचं अक्षर होतं, श्री. धोंडीराम. पंखा फिरला, पोपट फिरला, दुसरा पंख समोर आला, सौ. लंकाबाई. शेजारी लासलगाव. त्याच्या शेजारी पुन्हा मनमाड. चाळीस घरं, चाळीस पोपट.

मग हिरामणच्या पिशवीत काय गेलं?

याचं उत्तर फाटकातून आत येत होतं. बाहेर दोन मॅटाडोर थांबल्या होत्या. पुढे लंकाआक्का, हातात पिवळी पिशवी, मागे दाजी आणि दाजींच्या मागे मनमाड-लासलगावची पाऊणशे माणसं. आक्कानं दहा दिवस घरोघर जाऊन ती पिशवी दाखवली होती. पत्रिका वाटल्या असत्या तर निम्मे आले असते. भांडण बघायला झाडून सगळे आले.

"ये आक्का, बस," मी म्हणालो.

"मी लग्नाला नाय आले. बोलावणंच नाय, तर लग्नाला कशी येईन? मी भांडायला आले."

"मग बसून भांड."

"बसून भांडता येत नाय." आक्कानं पिशवी माझ्यापुढे उपडी केली. कातरण, चुरगळलेल्या शेपट्या, बिघडलेल्या चोची, चौऱ्याहत्तर सालची अर्धी पत्रिका. "ह्या काय हायेत रावज्या? चोची हायेत. मी काय मनमाडला चोची वाटत फिरू?"

मंगलानं माझ्याकडे बघितलं. दाराशी तृप्ती येऊन उभी राहिली होती, मुंडावळ्या बांधलेली. आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोललो, पण पोटच्या पोरीसाठी हे पहिलंच. मी वर बोट केलं.

"आक्का, पत्रिका परक्यांना देतात. घरची माणसं कागद पाठवून बोलवायची का? त्यांची नावं मी मंडपात बांधली. बरोबर बोहल्याच्या वर. माणूस पोचायच्या आधी त्याचा मान हजर."

"आन् ह्या चोची?"

"ती खूण. म्हटलं, आक्का हुशार आहे, ओळखेल."

आक्का वर बघू लागली. तृप्ती पुढे आली, तिचा हात धरला आणि बोट दाखवून वाचलं, "आत्या, बघ, श्री. धोंडीराम, सौ. लंकाबाई. माझ्या डोक्यावरच आहेस तू."

आक्कानं बराच वेळ पोपट बघितला. एकदा पंखा फिरला, तिचा पंख वर गेला, दाजींचा खाली. दाजींना सवय होती.

"सुबक केलाय," ती शेवटी म्हणाली. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि तृप्तीला म्हणाली, "चल, मुहूर्त टळंल."

लग्न थाटात लागलं. मंगलाष्टकं चालू असताना पाऊणशे माणसं माना वर करून स्वतःचं नाव शोधत होती, त्यामुळे निम्म्या अक्षता भटजींच्या डोक्यावर पडल्या. चिंतामणराव जेवताना कुरकुरले, "आमच्या देवळालीकरांना मात्र नुसत्या पत्रिका, त्याही पोस्टानं." संध्याकाळी मनमाडकरांनी आपापला पोपट उतरवून नेला आणि घरी दारावर टांगला. लासलगावला तर कांद्याच्या एका ट्रकमध्ये ड्रायव्हरपुढे माझा पोपट हलताना मी स्वतः पाहिलाय. उगाच नाही सांगत.

खरं काय ते मी फक्त मंगलाला सांगितलं, दुसऱ्या दिवशी चहा घेताना. ती हसली नाही, रागावली नाही. बशी पुसत राहिली.

पुढच्या वर्षी आक्काच्या नातवाचं लग्न ठरल्याचं कानावर आलं. मी पत्रिकेची वाट बघितली. लग्नाच्या आठवड्यातही आली नाही. त्यात मंगला, मनोज आणि सूनबाई दोन दिवस वणीला देवीच्या दर्शनाला गेले. "तुम्हाला गड चढवायचा नाही," म्हणून मला घर राखायला ठेवलं. लग्नाचा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मात्र मी सकाळची पॅसेंजर पकडली आणि मनमाड गाठलं, आक्काला चार शब्द सुनावायला. बोलावणंच नव्हतं, मी काही लग्नाला जात नव्हतो.

दार मंगलानं उघडलं. पैठणी नेसलेली.

"आलात?" ती म्हणाली. "काल यायचं होतं. जिलेबी छान होती."

आतून मनोज आणि सूनबाईही डोकावले. त्यांच्या मागून आक्का आली, गूळ खाल्ल्यासारखी हसत.

"तुझं बोलावणं होतं की रं रावज्या. घरच्या माणसाला कागद पाठवायचा व्हय? वर बघ."

मी वर बघितलं. चौकटीला एकच पोपट टांगला होता, पंखावर श्री. रावजी, नाशिक. शेपटीच्या चुण्या एकसारख्या, गणपती अख्खा, चोच अशी टोकदार की मलाही आयुष्यात जमली नव्हती. कापावरून ती कात्री मी लगेच ओळखली. आमच्याच स्वयंपाकघरातली होती.